फाट्यावरचा चेहरा

आमच्यात म्हातारपण फारसे कुणाच्या वाट्याला येत नाही, मित्रांनो. वाढदिवस सरला, निवडणूक झाली, दशक्रिया आटोपली, की आम्हांला खाली ओढतात आणि कुठेतरी टाकून देतात. मी मात्र एक जुना फ्लेक्स आहे. धुळे जिल्ह्यातल्या पिंपरोळे नावाच्या गावात, एका घराच्या माळ्यावर, पत्र्याखाली, बांबूला गुंडाळलेला असा मी आडवा पडून आहे. मला फेकून देणे या घराला जमले नाही आणि भिंतीवर लावणेही जमले नाही. असे का झाले, ते सांगतो. सांगताना कुठे अडखळलो तर समजून घ्या, कारण त्या दिवशीचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आधी माझे अंग कशाचे आहे ते ऐका. आत बारीक धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा थर. धागा मला फाटू देत नाही, प्लॅस्टिक भिजू देत नाही. माझ्यावरचे रंग चारच आहेत : निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा. यंत्र या चार रंगांचे हजारो ठिपके शिंपडते. नाक लावून पाहिले तर तुम्हांला फक्त ठिपके दिसतील. मागे सरकत गेलात की तेच ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा तयार होतो. म्हणजे चेहरा माझ्यावर नसतोच, तो लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. हे मला सुरुवातीला फार गमतीचे वाटायचे.

माझा जन्म धुळ्याच्या एका छपाईच्या दुकानात झाला. मार्च महिना होता, ऊन तापायला लागले होते. दुकानात संगणकावर डिंपल नावाची मुलगी बसायची. सकाळी पिंपरोळ्याचा लीलाधर मोटरसायकलवरून आला. त्याचे डोळे लाल होते. गावातल्या तरुण मंडळाचा तो अध्यक्ष, आणि योगराज पाटील हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. योगराज फौजेत नाईक होता. उत्तरेकडच्या डोंगरात गस्तीवर असताना तो गेला होता, आणि पहाटे पलटणीतून त्याच्या वडिलांना, रुपचंद आबांना, फोन आला होता.

"दहा बाय आठ पाहिजे, ताई," लीलाधर म्हणाला. "आत्ता पाहिजे. दुपारच्या आत फाट्यावर लागला पाहिजे."

"दादा, एवढी घाई?"

"दुसऱ्या आळीचं मंडळ त्यांचा आधी लावेल. योगराज माझा मित्र होता. पहिला मान आमचा."

डिंपलने मान हलवली. तिच्याकडे तयार नमुना होता : वर तिरंगा, कोपऱ्यात समई, मध्ये लष्करी गणवेशातले एक बिनचेहऱ्याचे धड. त्यावर फक्त चेहरा आणि खाली नाव बसवायचे. लीलाधरच्या मोबाइलमध्ये योगराजचा गणवेशातला स्वच्छ फोटो सापडेना. शेवटी त्याने लग्नातला फोटो दिला. त्यात योगराज शेजारी पाहून हसत होता आणि त्याच्या दंडावर हिरव्या बांगड्या भरलेला एक हात होता.

"हा हात कोणाचा?"

"त्याच्या बायकोचा. दिपमालावहिनी."

"मग हिला काढावं लागेल," डिंपल म्हणाली, आणि तिने काढले. हात गेला, शेजारची नवरी गेली. योगराजचे हसू मात्र तसेच राहिले. ते कोणाकडे पाहून होते हे आता कुणाला कळणार नव्हते. तो चेहरा तिने त्या तयार धडावर बसवला.

यंत्र सुरू करण्याआधी डिंपल क्षणभर थांबली. "घरी सगळ्यांना कळलंय ना, दादा?"

"आबांना तर पलटणीचाच फोन आला."

"आणि मिसेसना?"

"ती मुलीच्या शाळेसाठी इथंच राहते, देवपूरला. घरचे सांगतीलच की तिला."

डिंपलने यंत्र सुरू केले. मी ओल्या रंगाचा वास घेऊन यंत्रातून बाहेर आलो. लीलाधरने मला गुंडाळून मोटरसायकलला आडवे बांधले. पांझरेचा पूल ओलांडून, देवपुरातून, आम्ही गावाकडे निघालो. तिथेच कुठल्यातरी खोलीत त्या वेळी दिपमाला बॅग भरत होती. हे मला नंतर कळले, मित्रांनो, आणि कळले तेव्हा माझ्या अंगातला धागा न् धागा ताठ झाला. आम्ही तिच्या दारावरून गेलो होतो.

आता गावाची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. खानदेशातल्या आमच्या या भागात माणूस गेल्याची बातमी लांब असलेल्या जवळच्या माणसाला तोंडावर सांगत नाहीत. एक वडीलधारा माणूस त्याला आणायला जातो. तो म्हणतो, 'आबांची तब्येत जरा बरी नाही, चल.' वाटेत माणूस थोडा घाबरतो, थोडा तयार होतो. घराजवळ आले की बायका पुढे येतात, दोन्हीकडून धरतात, आणि मग धरलेल्या माणसाला खरे कळते. बातमी आधी आणि आधार नंतर असे होऊ द्यायचे नाही, एवढाच त्या खोट्याचा अर्थ. दिपमालाला आणायला योगराजचे चुलते, उखर्डू नाना, गेले होते. त्यांनी तिला आबांच्या तब्येतीचेच सांगितले होते आणि तिने केलेला चहा न घेताच निघायची घाई केली होती. गल्लीतल्या बायका घरी तिची वाट पाहत बसल्या होत्या. सगळी रीत ठरल्याप्रमाणे चालली होती. त्या रीतीत मी कुठेच नव्हतो.

फाट्यावर, जिथे बस थांबते तिथे, दोन बांबू कायमचे रोवलेले होते. गावातला प्रत्येक फ्लेक्स त्यांच्यावरच लागायचा. त्या दिवशी तिथे कोणाच्यातरी वाढदिवसाचा लागलेला होता. तो तारेने घट्ट आवळलेला. काढायला वेळ लागेल म्हणून पोरांनी मला त्याच्यावरच बांधले. चारही कोपरे ताणले. मी सपाट झालो, उन्हात चमकलो. रस्त्याने जाणारे लोक थांबले, टोप्या काढल्या, हात जोडले. एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्यापुढे वाकला. खरे सांगायचे तर मला अभिमान वाटला. माझ्यासाठी एवढी माणसे थांबतील असे मला वाटले नव्हते.

मग रुपचंद आबा आले. ते गावाकडून पायी येत होते आणि चपला घालायला विसरले होते. लोक आपोआप बाजूला झाले. आबा सरळ माझ्यापाशी आले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाची ऊब मला लागली. एवढ्या जवळून त्यांना नुसते ठिपके दिसले असतील. त्यांनी गणवेशावर बोट ठेवले.

"हे आंग मना पोऱ्यानं नही," ते हळूच म्हणाले. मग मागे वळून म्हणाले, "काढा रे त्याले."

लीलाधर पुढे झाला. "आबा, आम्हीन त मान म्हनीसन लावा."

"मान मंग दे, भाऊ. पहिले काढ. मनी सून बसमा शे. तिले काही माहीत नही."

लीलाधरचा चेहरा पांढरा पडला. तो मी इतक्या जवळून पाहिला की आजही विसरलो नाही. त्याला खरोखरच हे सुचले नव्हते. मित्राच्या दुःखात आणि दुसऱ्या मंडळाच्या आधी पोचण्याच्या घाईत, दिपमाला याच फाट्यावर उतरणार हा साधा हिशेब त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. त्याने झटक्यात माझ्या वरच्या कोपऱ्याची दोरी सोडली. माझा कोपरा खाली लोंबला, आणि त्यामागून त्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा फुगा बाहेर आला. फुग्याखाली केक आणि केकखाली मोठ्या लाल अक्षरांत 'हार्दिक शुभेच्छा'.

 दुसऱ्या कोपऱ्याची दोरी सोडणाऱ्या पोराचा हात थांबला.

"लीलाधर, हे तर..." तो पुटपुटला. "आबांच्या पुढं हे दिसू द्यायचं?"

"तेबी काढा," आबा म्हणाले.

"त्याले तार शे, आबा. पक्कड लागीन."

"आन मंग पक्कड. पय."

एक जण पळत गेला. बाकीचे माझा सुटलेला कोपरा धरून उभे राहिले. मला धरून ठेवावे की सोडावे हे त्यांना कळत नव्हते. मला तर काहीच कळत नव्हते. इतका वेळ लोक माझ्यापुढे हात जोडत होते, आणि आता मी खाली यावे म्हणून सगळे तडफडत होते. आणि तेवढ्यात देवपूरच्या बाजूने लाल बस येताना दिसली.

आबांनी माझ्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड केले. खांद्यावरचे उपरणे काढले, दोन्ही हातांत धरले आणि माझ्यापुढे पसरले. मी दहा फूट रुंद होतो. आबांचे डोके माझ्यावरच्या चेहऱ्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हते. तरी ते तसे उभे राहिले. ज्याला पहाटे मुलगा गेल्याचे कळले होते तो म्हातारा, त्याच मुलाचे तोंड उपरण्याने झाकायला पाहत होता.

बस थांबली. आधी उखर्डू नाना उतरले. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते पायरीवरच थांबले, जणू मागे वळून दार अडवावे. पण मागून दिपमाला उतरलीच. कडेवर सहा वर्षांची कामिनी, हातात बॅग. तिने पहिल्यांदा पाहिले ते आबांना. दोन पायांवर, धडधाकट, उन्हात उभे असलेले आबा. देवपुरापासून तिने जी भीती पोटात धरून आणली होती ती एकदम सुटली आणि ती हसली.

"आबा, तुम्हीन तं चांगला हुबा शेतस," ती म्हणाली. "नानांनी तं माले पार घाबरी टाकं."

आबांचे हात वरच होते. 

"मम्मी, पप्पा," कामिनी म्हणाली. ती आबांच्या डोक्यावरून पाहत होती. तिचा आवाज आनंदाचा होता. "पप्पा बघ ना किती मोठे."

दिपमालाने वर पाहिले. ती बरोबर तेवढ्या अंतरावर उभी होती, जिथून ठिपके मिसळतात.

ती ओरडेल असे सर्वांना वाटले. ती ओरडली नाही. तिने मला वाचले. वरचा तिरंगा, मधला चेहरा, नाव, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे, तीही एकेक करून वाचली. तिच्या ओठांवरचे हसू अजून पुरते गेले नव्हते. चेहऱ्याला ते कसे काढायचे हे जणू आठवत नव्हते. मग ती नानांकडे वळली.

"नाना, तुम्हीन चहा का बरं घेतला नही, ते आते समजनं."

एवढे बोलून ती डांबरी रस्त्यावर बसली. तिला धरायच्या बायका घरी बसलेल्या होत्या. फाट्यावर सगळे पुरुष होते. कुणी पुढे होईना, कुणाला कसे धरावे ते समजेना. शेवटी कंडक्टरने कामिनीला उचलून घेतले.

मित्रांनो, लोक म्हणतात फ्लेक्सला काही वाटत नाही. असेल. पण एक बाई नवरा गेल्याचे माझ्याकडून ऐकते, तेही हसता हसता, आणि माझ्याकडे तिला सावरायला हात नाहीत, ही गोष्ट मला कुठल्या थरात ठेवावी हे आजवर उमगलेले नाही.

पुढचे तुम्ही कुठेतरी पाहिले असेल. योगराज तिरंग्यात आला. सजवलेली ट्रॉली, फुले, बंदुकांची सलामी, घोषणा. गावात मुंगीलाही जागा नव्हती. मला पुन्हा ताणून बांधले, कारण आता लपवायचे काही उरले नव्हते. माझ्या दोन्ही बाजूंना आणखी फ्लेक्स आले. त्यांतल्या काहींवर योगराज लहान आणि श्रद्धांजली वाहणारे मोठे होते. माझ्यापुढे उभे राहून लोकांनी फोटो काढले. ते रडतही होते, हे मी नाकारत नाही. त्यांचे दुःख खोटे नव्हते. फक्त ते सगळे एकाच वेळी आले आणि एकाच वेळी निघून गेले.

तेराव्यानंतर फाटा पुन्हा फाट्यासारखा झाला. वाऱ्याने माझी एक कड फाटली. पाऊस तोंडावर आला तेव्हा मला झुलाल नावाच्या शेतकऱ्याने उतरवले आणि त्याच्या खळ्यातल्या कडब्याच्या गंजीवर टाकले. माझ्या शेजारचे दोन भाऊ एका टपरीच्या छपरावर गेले. हे आमचे नेहमीचेच प्राक्तन, त्याचे मला दुःख नव्हते. पण एक दिवस योगराजची आई, भिकुबाई, शेतातून येताना त्या खळ्याशी थांबली. डोक्यावरचा भारा तिने खाली ठेवला.

"झुलाल," तिने हाक मारली. आवाज अगदी शांत होता. "तुनी बकरी मना योगराजना तोंडवर हुबी शे."

झुलाल घरातून बाहेर आला आणि जिथल्या तिथे थांबला. मग धावत गंजीवर चढला आणि बकरीला हुसकावले.

"अक्का, आईनी आन, मी उलटा टाकेल व्हता. पांढरी बाजू वर. वारामा पलटी गया." त्याला माझ्याकडे पाहवत नव्हते. "नवा ताडपत्रीले पैसा नही व्हतात, पन तोंड खाले करीसन टाकेल व्हता मी."

"मी तुले बोल नही लावत. हाऊ मी लई जास."

"मी आनी देस, अक्का. तू नको उचलू."

त्याने मला डोक्यावर घेऊन घरी आणले, आणि ओसरीवर ठेवून न बसता गेला. तो परत जाताना आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून दारापर्यंत गेले. चूक कोणाची हे शोधायला निघालो की असे होते. प्रत्येक जण थोडासा चांगलाच निघतो.

आता प्रश्न असा आला की मला ठेवायचे कुठे. घरातली सर्वांत मोठी भिंत माझ्याहून लहान होती. घडी घालावी तर घडी चेहऱ्यावरून जात होती, आणि भिकुबाई म्हणाली, त्याच्या तोंडावर मोड नको. जाळावे हा शब्दही कुणी काढला नाही. दिपमाला आतल्या खोलीच्या दारात उभी होती.

"हाऊ घरमा नको, माय," ती म्हणाली.

"मंग कथा ठेवू? उकिरडावर?"

  ज्यांनी मला छापले, लावले, पुजले, त्यांच्यातल्या एकानेही, नंतर याचे काय करायचे, हे त्या घराला विचारले नव्हते. आबांनी बांबू आणला, मला त्यावर सैल गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. तिथे ऊन येत नाही. उन्हात आमचा पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो आणि चेहरे निळे पडतात. मी अजून निळा पडलेलो नाही. योगराज माझ्या आत गुंडाळलेला तसाच हसतो आहे.

त्या माळ्यावरून मी घर ऐकतो, फळ्यांच्या फटींतून थोडेफार पाहतोही. दिपमाला शाळेच्या दिवसांत देवपूरला असते, सुट्टीत येते. पंधरा ऑगस्टला तिला व्यासपीठावर बोलावतात, शाल देतात. त्या शाली तिने कधी अंगावर घेतलेल्या नाहीत. व्यासपीठावर तिला कुणी तिच्या नावाने हाक मारत नाही, असे ती एकदा सासूला म्हणाली. एकदा, शेंगा फोडता फोडता, तिने मनातले खरे सांगितले.

"माय, तुम्हना पोऱ्या गया, आनी मी हासनू. बठ्ठा गावनी दखं."



"तू सासराले जिता दखीसन हासनी," भिकुबाई म्हणाली. "त्याले कोनी पाप म्हनी तं माले सांग."

"कोनी म्हनत नही. मनं मालेच वाटस."

भिकुबाईने तिच्या हातातले सूप काढून बाजूला ठेवले.  पण दिपमाला त्यानंतरही माळ्याखालून जाताना मान खाली घालूनच जायची. लीलाधर तर या घराच्या उंबऱ्याच्या आत येतच नव्हता. बाहेरूनच 'आबा, काही काम?' असे विचारून निघून जायचा.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो भर दुपारी थेट आत आला. धाप लागलेली होती.

"वहिनी, तुम्ही आहात, बरं झालं," तो म्हणाला. त्याच्या हातातला फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता. "शेजारच्या गावातले भटूनाना आहेत ना, त्यांचा मुलगा... फौजेतला..."

 भिकुबाईच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"घरी फोन आलाय," लीलाधर म्हणाला. "त्याची बायको माहेरी गेलीय, यावलकडे. भाऊ तिला बसनं आणतोय. सासूची तब्येत बरी नाही असं सांगून. आणि त्या गावची पोरं मला फोन करून ऱ्हायलीत. म्हणतात, तुझ्याकडे तो नमुना आहे ना, लगेच छापून दे. मी म्हटलं थांबा. ऐकत नाहीत. वहिनी, मी काय सांगू त्यांना? माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

मी वर गुंडाळलेला होतो, पण मला ते सगळे दिसले : रोवलेले बांबू, ताणलेले कोपरे, थांबणारी बस. पुन्हा तेच होणार होते. दिपमालाने त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी पिंपरोळ्याची दिपमाला योगराज पाटील बोलते," ती म्हणाली. "हो, तीच. ऐका दादा, फ्लेक्स लावू नका असं मी म्हणत नाही. तिला आधी घरात पोचू द्या. कुणीतरी तिचा हात धरू द्या. मग लावा, गावभर लावा." पलीकडून काहीतरी बोलणे आले. "दुसरं मंडळ लावेल? मग त्यांचा नंबर द्या, त्यांनाही मीच सांगते." पुन्हा बोलणे. "बरं. तिचं नाव काय?"

पलीकडे पोरे एकमेकांना विचारू लागली.

"तिच्या नवऱ्याची पलटण माहीत आहे तुम्हांला, हुद्दा माहीत आहे," दिपमाला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिचं नाव विचारून ठेवा. मी येते."

तिने दुसऱ्या मंडळालाही फोन लावला. तिथे एक जण वाद घालत होता. दुकानात पैसे भरून झाले, आता कसे थांबायचे म्हणत होता. "भाऊ, तो उद्याही तुमचाच शहीद राहील," ती म्हणाली, "पण ती आज संध्याकाळपर्यंतच बिनघोर आहे. तेवढी तिला राहू द्या." मग तोही थांबायला तयार झाला.

फोन लीलाधरला देऊन ती उठली. "गाडी काढा, दादा. मला त्या फाट्यावर सोडा."

"तू जाशीन?" आबांनी विचारले. "तुले तठे हुबी दखीसनच तिले समजी जाई, बेटा."

दिपमाला दारात थांबली. हा प्रश्न तिच्याही मनात येऊन गेला असावा.

"समजू द्या, आबा," ती म्हणाली. "मानूसकडथीन समजू द्या."

"थांब," भिकुबाई म्हणाली. "मी बी येस. एक बाजूनी तू धर, एक बाजूनी मी."

लीलाधरने कुणाची तरी रिक्षा आणली आणि तिघे गेले. घरात आबा आणि कामिनी उरले. आबा ओसरीवर बसून राहिले. कामिनीने दोनदा विचारले, आई कुठे गेली. दोन्हीदा आबा म्हणाले, एका मावशीला आणायला.

त्या परतल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दिपमाला पाणी प्यायली. मग तीच बोलली.

"चेतना नाव शे तिनं."

"दखं का तिनी काही?"

"बांबू रिकामा व्हतात. बठ्ठी पोरं रस्तानी कडले हुबी व्हती, मान खाले घालीसन. ती उतरनी. माले दखं तिनी, मी कोन ते तिले माहीत व्हतं. मी काहीच बोलनू नही, आबा. नुसता हात धरा. मायनी दुसरा धरा. ती मना आंगवर पडनी." तिने कामिनीला जवळ ओढले. "खाले नही पडनी ती. रस्तावर नही बसनी."

आबांनी उपरण्याने डोळे पुसले. लीलाधर उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसला होता. भिकुबाईने त्याच्यापुढे भाकरीचे ताट सरकवले आणि तो मुकाट्याने जेवला. आता दिपमाला दर रविवारी त्या गावाला जाते, चेतनाच्या घरी बसते. काय बोलतात ते मला माहीत नाही. मी इथे असतो.

मित्रांनो, आम्हांला रंग देता येतात, अक्षरे देता येतात, लांबून दिसणारा चेहरा देता येतो. आम्ही कुणाच्या पाठीवर हात फिरवू शकत नाही आणि तेराव्यानंतर कुणाच्या ओसरीवर जाऊन बसू शकत नाही. ते तुम्हांला येते. म्हणून एवढेच मागतो. उद्या अशी बातमी तुमच्या मोबाइलवर येईल, तुमचे बोट ती पुढे पाठवायला उचलेल. तेव्हा आधी विचारा, त्या घरातले कोण अजून घरी पोचायचे आहे? जो पोचायचा आहे त्याच्या वाटेवर जाऊन उभे राहा. आणि त्याचे नाव माहीत करून घ्या.